मंगळवार, नऊ ते अकरा

बंद पडलेल्या लाँड्रीच्या तळघरात आमचं स्टेशन.
कोपऱ्यात अजून एक ड्रायर उभा आहे,
त्याच्या पोटात जुन्या रेकॉर्डी ठेवतो आम्ही.
कोरड्या राहतात.

सकाळी मी शाळेची बस चालवते.
मंगळवारी रात्री मात्र दोन तास, बिनपगारी,
मिनेसोटाच्या उत्तर टोकावरच्या या खाणगावाला
लांबलांबचं ऐकवते.
आधी फिनलंडचा एखादा वॉल्ट्झ,
कारण निम्म्या गावाच्या आज्या तिकडून आलेल्या;
मग मालीचा कोरा, एकवीस तारांचा;
मग मिसिसिपीकाठची गिटार,
बाटलीची मान तोडून बोटात घातलेली;
मग सरहद्दीपलीकडच्या मेती लोकांचं फिडल,
वाजवणाऱ्याचे बूट हाच ज्याचा ताल.
एकाला दुसरं कसं जोडायचं, कुठे शिकवत नाहीत.
शेवटचा सूर विझतो,
त्याची राख गरम असते,
तेवढ्यात पुढचं पेटवायचं.

टॉवर जेमतेम.
पश्चिमेला दफनभूमीपर्यंत, पूर्वेला तळ्याच्या वळणापर्यंत,
पुढे ट्रकवाल्यांना नुसती खरखर.
बेकरीतली डोलोरेस ऐकते, कणीक मळताना.
वृद्धाश्रमातली रात्रपाळीची नर्स ऐकते,
आवाज बारीक करून.
आणि लुडविक.

लुडविक स्लोव्हेनियन, चाळीस वर्षं खाणीत,
दर मंगळवारी दहा वाजून दहा मिनिटांनी फोन करतो.
"हिल्का, आज अकॉर्डियन कमी पडलं."
नाहीतर, "आज अकॉर्डियन फार झालं."
अधलंमधलं त्याला ठाऊक नाही.
सात वर्षांत एकदाही दाद दिलेली नाही.

फेब्रुवारीतला तो मंगळवार. उणे एकतीस.
दाराशी बर्फाचा ढीग,
खांद्यानं ढकलून आत शिरले,
कोट काढलाच नाही.
आणि त्या रात्री काय झालं होतं कुणास ठाऊक,
हात घालावा ती रेकॉर्ड बरोबर निघत होती.
आयरिश अंगाई ज्या पट्टीत संपली
त्याच पट्टीत ट्युनिशियाच्या कोळ्यांची हाळी उठली,
अंगावर काटा आला, माझ्याच.
मग मी बोलले.
कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं:
घरात कुणी नाही असं वाटलं तरच
बाबा माउथ ऑर्गन वाजवायचे, स्वयंपाकघरात, दिवा न लावता,
आणि मी जिन्यात श्वास धरून बसायचे,
खोकला आला तर बंद पडेल म्हणून.

दहा वाजून दहा. फोन.
"हिल्का, आज अकॉर्डियन फार झालं."

एकही लावलं नव्हतं मी.

"बरं," म्हटलं, "बघते पुढच्या वेळी."
एरवी खाडकन फोन ठेवणारा माणूस
जरा रेंगाळला.
"पुढच्या मंगळवारी आहेस ना?"
"आहे."
"मग ठीक."

अकराला वेंडेल खाली आला, भुवयांवर बर्फ.
टॉवरची केबल साडेसहालाच तुटली म्हणाला,
संध्याकाळपासून आपण हवेत नाही.
"आणि तू कुणाशी बोलत होतीस एवढी?"

काय सांगणार.
रेकॉर्डी ड्रायरमध्ये ठेवल्या, झाकण लावलं.
दुसऱ्या दिवशी बसमध्ये पोरांचा नेहमीचा गोंगाट,
एकाचा मोजा हरवलेला,
आरशात बघत मी दोनदा गिअर चुकले.

पुढच्या मंगळवारी केबल जोडलेली होती.
बाबांची गोष्ट परत सांगितली नाही,
ती सांगून झाली होती.
दहा वाजता मात्र
ओळीनं तीन अकॉर्डियन लावली,
आणि फोनकडे बघत बसले.